न घातलेल्या चपला

सत्या,

आधी नावाचा विषय मिटवते, म्हणजे तुझी कुरकुर लवकर संपेल. हे लिहिताना मी आपल्या सगळ्यांची नावं बदलली आहेत आणि तुला सतीश केलं आहे. ऑफिसातून आल्याआल्या, टाय सोडता सोडता, तू ज्या साहेबाची नक्कल करायचास त्याचं नाव. तुला ते आवडणार नाही, म्हणूनच दिलं. वाद घालायला आता तू नाहीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा शेवटचा शब्द माझा आहे, आणि त्यात काडीची मजा नाही.

सध्या मी तुझी विधवा आहे. भूमिका मोठी, संवाद कमी. दिवसभर फिकट साडी नेसून सोफ्याच्या कोपऱ्यात बसायचं. इथल्या मराठी मंडळातल्या बायका येतात, माझा हात हातात घेतात, "सोन्यासारखा जोडा होता गं," म्हणतात आणि डोळे पुसतात. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधून थॉमस चहाचा ट्रे घेऊन येतो. डोळे सुजलेले. कोणीतरी विचारतं, "भाईसाब, इसमें चीनी है क्या?" तो म्हणतो, "बिना चीनी का अलग है, मॅडम." पहिल्याच आठवड्यात एक बाई माझ्या कानात म्हणाली, "शेजारी चांगला मिळालाय हो तुम्हाला." मी मान हलवली. ज्याचं माणूस गेलं तो चहा देत फिरतोय आणि सांत्वन माझ्या मांडीवर येऊन पडतंय, चुकीच्या पत्त्यावर आलेल्या पार्सलसारखं.

तू म्हणाला होतास ना, "मी मेल्यावर सांग काय सांगायचं ते." मग ऐक.

सगळ्याची सुरुवात नाटकानं झाली, हे तुला मान्य करावंच लागेल. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात आपण नवरा-बायको होतो. तू विसराळू नवरा, मी कजाग बायको. प्रयोगात तू खराखुरा चहा माझ्या साडीवर सांडलास, आणि मी संहितेत नसलेलं वाक्य टाकलं, "सासूबाईंनी हेच वळण लावलं का?" हॉल कोसळला. नंतर जो तो म्हणायला लागला, ह्या दोघांचं खरंच लावून टाका. पार्किंगमध्ये तू मला गाठलंस.

"तुझ्या घरचे लग्नासाठी मागे लागलेत?"

"हात धुऊन."

"माझेही. तुला रस आहे का?"

"लग्नात असेल. पुरुषात नाही."

तू इतका हसलास की नाटकातली मिशी सुटून ओठावर लोंबायला लागली. "मग आपलं उत्तम जमेल," म्हणालास. इतकी प्रामाणिक मागणी फार थोड्या मुलींना घातली गेली असेल.

तुझ्याकडे थॉमस होता, माझ्याकडे वंदना. त्यांच्याही घरी तेच गुऱ्हाळ चालू होतं, म्हणून त्या दोघांचंही लावलं. केरळचा थॉमस आणि नागपूरची वंदना, दोन्हीकडचे नातेवाईक रुसलेले, त्यामुळे त्यांच्याकडे पाहुणे कमी. तो फायदाच झाला. इथे आखातात, करामा भागातल्या ह्या जुन्या बिल्डिंगमध्ये आपण समोरासमोरचे दोन फ्लॅट घेतले. मालकाची अट होती, फक्त फॅमिली, बॅचलर नाही. आपण तर एकदम दोन फॅमिली आणल्या. कागदावर ह्या दारात सतीश-मीनल, त्या दारात थॉमस-वंदना. दार लागलं की इकडे मी आणि वंदना, तिकडे तू आणि थॉमस.

आणि चपला. ती तुझी अक्कल. माझ्या दाराबाहेर तुझी एक कोल्हापुरी जोडी, थॉमसच्या दाराबाहेर वंदनाच्या सँडल. जाणाऱ्या-येणाऱ्याला प्रत्येक दारात एक नवरा आणि एक बायको दिसली पाहिजे. रोजच्या वापराचे जोडे आत. मधली फरशी तू अनवाणी ओलांडायचास, थंडीत तर चवड्यांवर नाचत. खालून नातूर, म्हणजे आपला वॉचमन, इंटरकॉमवर सांगायचा, "मॅडम, मेहमान ऊपर आता है," की तू धावत इकडे आणि वंदना धावत तिकडे. त्या नातूरला आपण कधी काही सांगितलं नव्हतं. त्याचा फोन मात्र कधी चुकला नाही. त्याला काय कळलं होतं, ह्यावर आपण किती तरी चहा प्यायलो.

फरशीवर मी तुला "अहो, येताना दूध आणा" म्हणायची, आणि दार लावलं की "अरे गाढवा". तू म्हणायचास, "मीनू, तुझं 'अहो' ऐकलं की मला वाटतं प्रेक्षक बसलेत."

प्रेक्षक बसलेलेच होते, सत्या. नेहमीच.

इतर देशांत म्हणे आपल्यासारख्यांच्या अख्ख्या वस्त्या असतात. रस्त्यावर झेंडे, कॅफे, इतिहास सांगत फिरवणारे गाईड. आपल्या वस्तीचा इतिहास तुझ्या एकट्याच्या डोक्यात होता आणि तो तू दिवाणावर आडवा पडून, शेंगदाणे खात सांगायचास. शुक्रवारी सुट्टी असायची तेव्हाची ती क्रिकेट टीम. पांढरे कपडे, किटबॅग, मोकळ्या पार्किंगच्या मैदानाकडे निघालेली मंडळी, आणि त्यांच्या बॅटला एकाही चेंडूचा डाग नाही. एकदा दुसऱ्या एका टीमनं खरोखरच मॅच खेळायला बोलावलं, तेव्हा सगळ्यांना एकाच दिवशी पाठदुखी कशी झाली, हे सांगताना तू स्वतः कमरेत वाकून दाखवायचास. मग ते बायकांचं भजनी मंडळ, ज्याची पेटी पिशवीतून कधीच निघाली नाही. वंदना मला तिथेच भेटली. मी खरंच भजन म्हणायला गेले होते. पहिला अभंग सुरू केला तर सगळ्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी लग्नात चुकून दुसऱ्याच्या पंगतीला बसलेय. मग वंदना म्हणाली, "तुम्ही खरंच गाता?"

आपल्या वस्तीची खूण हीच होती. न वापरलेल्या वस्तू.

ती वस्तीही पांगली. कोणी अल बर्शाला गेले, कोणी कॅनडाला, कोणी परत गावाला आईवडिलांच्या दुखण्याला, आणि मग तिथेच. नव्या पोरांचं सगळं फोनवर. त्यांना करामा म्हणजे फक्त स्वस्त डोसा. मी म्हणायची, सत्या, हे कोणीतरी सांगून ठेवायला हवं, नाहीतर आपण कधी नव्हतोच असं होईल. तू म्हणायचास, "आपण दिसलो नाही म्हणूनच आपण राहिलो." इथला कायदा तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ होता. मी म्हणायची, दिसल्याशिवाय राहणं म्हणजे काय राहणं. तू शेंगदाण्याची सालं फुंकून माझ्या अंगावर उडवायचास आणि विषय संपायचा. संपायचा नाही खरं तर, पुढच्या शुक्रवारी परत निघायचा. तो आता अर्ध्यातच राहिला.

दुसरा वाद थॉमसचा. ह्या बाबतीत मी तुला सोडणार नाही.

थॉमसनं तुझ्याकडे एकच गोष्ट मागितली. अक्कांना सांग. तुझ्या थोरल्या बहिणीला, जिनं आई गेल्यावर तुला वाढवलं, तिला सांग की मी कोण आहे. जगाला नको, मंडळाला नको, एका माणसाला. तू दर वेळी म्हणायचास, "ह्या दिवाळीला सांगतो." अक्का इथे महिनाभर राहून गेल्या तेव्हाही नाही. तू आमच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपायचास, "मी घोरतो म्हणून मीनल बाहेर काढते" असं त्यांना सांगून. समोर थॉमस आणि वंदना खोबरेल तेलाच्या फोडणीवरून भांडत होते. अक्का जेवायला बसल्या की थॉमस ताटलीत केळ्याचे वेफर्स घेऊन यायचा, आणि तू ओळख करून द्यायचास, "हे आमचे शेजारी." रोज. तो म्हणायचा, "नमस्ते, अक्का," आणि ताटली ठेवून परत जायचा. मी एकदा तुला स्वयंपाकघरात विचारलं, "कशाला घाबरतोस?" तू म्हणालास, "अक्काला कळलं तर ती मरेल."

अक्का धडधाकट आहेत, सत्या. गेलास तू.

तो शनिवार होता. सकाळी तू थॉमससाठी नाश्त्याला त्याच्या केरळचं पुट्टू करायला घेतलंस, आणि ओट्याला धरून खाली बसलास. थॉमसनं आमचं दार हातांनी बडवलं, बेल वाजवायचं सुचलं नाही त्याला. अँब्युलन्स आली तेव्हा तू त्याच्या फ्लॅटमध्ये होतास, अनवाणी. स्ट्रेचरवर घेतल्यावर अँब्युलन्सवाल्यानं विचारलं, "बरोबर कोण येणार? फॅमिली?" थॉमस एक पाऊल पुढे आला. मग थांबला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "वाइफ. शी इज द वाइफ." मी चढले. दार बंद होताना तो म्हणाला, "मीनू, तुम जाओ, मैं पीछे टॅक्सी में आता." मी तुझा हात धरून बसले होते, आणि मला एवढंच वाटत होतं की हा हात धरायचा हक्क ज्याचा, तो मागे कुठल्या तरी सिग्नलला अडकलाय. हॉस्पिटलात पोचलो आणि थोड्याच वेळात डॉक्टर बाहेर आले. त्यांनी "मिसेस" म्हणून हाक मारली. थॉमस वॉटर कूलरपाशी उभा होता. त्याला सगळं माझ्या चेहऱ्यावरून कळलं. कागदी ग्लास त्याच्या हातात चुरगळला. आवाज म्हणून तेवढाच.

पुण्याहून अक्कांचा फोन आला, "सत्याला घरी आण." तिथे नेलं असतं तर थॉमसला विमानतळावरूनच परतावं लागलं असतं. आणि सही माझी होती. ह्या कागदी लग्नाचं मला पहिल्यांदाच काही वजन जाणवलं. मी म्हटलं, "अक्का, त्याचं म्हणणं होतं, मला पेटीत घालून विमानात चढवू नका, मला खिडकीची सीट लागते." मग त्या म्हणाल्या, "तसलंच बोलायचा तो. ठीक आहे, मीच येते."

आता माझी सर्वांत चांगली भूमिका. तू नव्हतास, नाहीतर तू विंगेतून हसून घोळ घातला असतास.

आपले भटजी, तेच, आठवडाभर लॉजिस्टिक्स कंपनीत आणि सुट्टीला सत्यनारायण. आदल्या संध्याकाळी मी त्यांना फोन केला.

"गुरुजी, मूल नाही, तेव्हा घडा मीच धरणार. पण मध्येच मला बरं वाटलं नाही तर?"

"वहिनी, घडा एकदा खांद्यावर घेतला की जमिनीला टेकवायचा नाही. जवळच्यानं लगेच घ्यायचा."

"आणि मग?"

"मग ज्यानं घेतला त्यानंच पुढचं सगळं करायचं. मध्ये माणूस बदलत नसतात."

मी फोन ठेवला आणि वंदनाकडे बघितलं. ती म्हणाली, "थॉमसला सांगायचं नाही. त्याला अॅक्टिंग येत नाही."

स्मशान शहराबाहेर, गोदामांच्या पलीकडे. मंडळाचे लोक आले होते, तुझ्या ऑफिसातले आले होते. अक्का खुर्चीवर बसल्या होत्या, ताठ. मी वंदनाला सांगून थॉमसला माझ्या मागे उभं करवलं होतं, "वहिनींना सांभाळायला". घडा खांद्यावर घेतला. भटजींनी दगडानं भोक पाडलं, पाणी पाठीवरून वाहायला लागलं. दोन पावलं टाकली आणि मी गेले. डोळे फिरवले, गुडघे सोडले, पदराचा बोळा मुठीत. घडा कलला, आणि थॉमसनं तो वरच्या वर झेलला. वंदनानं मला झेललं.

"अहो, ते ख्रिश्चन आहेत," मंडळाचे सेक्रेटरी पुटपुटले.

"घडा टेकवता येत नाही," भटजी म्हणाले. "चला तुम्ही. डाव्या हातानं धरा. फिरा."

सेक्रेटरी अजून काही म्हणणार होते. खुर्चीवरून अक्कांचा आवाज आला, "चालू दे."

डोळे किलकिले करून मी बघत होते. तो फिरत होता तुझ्याभोवती. दर फेरीला भटजी नवं भोक पाडत होते आणि पाणी त्याच्या मानेवरून, गालावरून, शर्टात उतरत होतं. इतके दिवस तो बाथरूमचा नळ सोडून रडायचा, वंदनानं सांगितलं होतं मला. त्या दिवशी सगळ्यांदेखत रडला आणि कोणाला काही वेगळं दिसलं नाही, एक ओला माणूस दिसला. घडा मागे टाकला, फुटला. अग्नी त्यानं दिला. मंत्र भटजी पुढे म्हणत होते आणि तो मल्याळी उच्चारात मागोमाग म्हणत होता, एकही शब्द न गाळता.

टाळ्या नाही वाजल्या. नाटक चांगलं झाल्यावर इतकं भकास मला कधी वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर अक्का स्वयंपाकघरात आल्या. मी चहा टाकत होते. त्या दाराला टेकून म्हणाल्या, "पडायच्या आधी तू मागे बघितलंस, मीनल."

"घेरी आली, अक्का."

"घेरी येणारी माणसं मागे कोण उभं आहे ते बघून पडत नाहीत." मग त्यांनी आल्याचा तुकडा घेतला आणि किसायला लागल्या. "चहात घाल. सत्याला आवडायचं."

एवढंच. पण रोज सकाळी त्या समोर जायला लागल्या. पहिल्या दिवशी तुझा चष्मा शोधायला. माझ्या घरात तो नव्हता, तुझं काहीच नव्हतं, कपाटातल्या दोन शर्टांना अजून दुकानातल्या टाचण्या होत्या. चष्मा थॉमसच्या उशाशी होता. त्यांनी तो घेतला, पुसला आणि परत तिथेच ठेवला, असं थॉमस म्हणाला. मग ती दोघं बसायची. त्यांचं हिंदी पुणेरी, त्याचं केरळी. वंदना म्हणाली, "भिंतीला कान लावू?" मी नको म्हटलं. मी नको म्हटलं, सत्या. बघ काय झालंय माझं.

तेराव्याला मंडळातली माणसं जेवायला होती. दुखवटा द्यायची वेळ आली. अक्कांनी करामातल्याच दुकानातून आणलेली साडी माझ्या ओटीत टाकली. मग दुसरी पिशवी उघडली. टॉवेल, पांढरी टोपी, शर्टाचं कापड.

"थॉमस, इधर आओ. पाट पे बैठो."

थॉमसच्या हातात वाढायचं पातेलं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"उसको क्या देखता है? घडा किसने लिया था?"

"मैंने, अक्का."

"मग मान तुम्हारा."

तो बसला. त्यांनी टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला, टोपी डोक्यावर ठेवली. लहान झाली. चांगलीच वाकडी बसली. ती त्यांनी दोन्ही हातांनी खाली ओढली, लहान मुलाची ओढावी तशी. मंडळातली ती बाई परत म्हणाली, "खरंच, शेजारी असावा तर असा."

"शेजारी कसला," अक्का म्हणाल्या. "सत्याला पाणी दिलंय त्यानं. घरचा आहे."

पंगतीत कोणी मान वर केली नाही. मठ्ठा वाढायला घेतला होता. एवढं एक वाक्य, सत्या. तू किती दिवाळ्या पुढे ढकललंस ते. अक्कांनी ते मठ्ठ्याच्या वेळी म्हणून टाकलं आणि त्यांना काही झालं नाही. थॉमस टोपी घालून तसाच पाटावर बसून राहिला. मग उठला आणि आमच्या बाथरूममध्ये गेला. नळ मात्र सोडला नाही त्यानं.

मला तुझा राग येतो. आणि मग लगेच आठवतं, की फरशी ओलांडून रोज सकाळी तू मला उठवायला यायचास, कारण वंदनाचा चहा तुला आवडत नसे आणि माझ्या हातचा हवा तर मला उठवायला हवं असे. राग तिथे संपतो. दुसऱ्या दिवशी परत येतो.

अक्का परवा गेल्या. बॅग लिफ्टपाशी नेली, वंदना लिफ्टचं बटण दाबून उभी. अक्का आमच्या दारापाशी थांबल्या, गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि तुझी ती कोल्हापुरी जोडी उचलली. उलटी केली. तळ कोरा होता. "सत्या लहानपणापासून डावी टाच घासत चालायचा," त्या म्हणाल्या, कोणाकडेही न बघता. "त्याची प्रत्येक चप्पल डावीकडून जायची. मी तर थकले चपला घेऊन घेऊन." मग त्यांनी फरशी ओलांडली आणि ती जोडी थॉमसच्या दारापाशी ठेवली, नीट, भिंतीला लावून. येताना वंदनाच्या सँडल उचलून आणल्या आणि माझ्या दाराशी ठेवल्या.

"आता बरोबर आहे," म्हणाल्या, आणि लिफ्टमध्ये शिरल्या.

आम्ही त्या परत हलवल्या नाहीत. हलवायला हव्यात हे तिघांनाही कळतं. काल सकाळी नातूर पायऱ्या पुसायला वर आला, त्यानं बघितलं, बादली उचलली आणि फडका त्या चपलांभोवतीनं फिरवून गेला.

आज थॉमस खाली करक चहा आणायला गेला, तुझ्या चपला घालून. त्याचे पाय मोठे, टाचा मागे बाहेर आल्या होत्या. जिन्यावरून फटाफट आवाज येत होता. तो परत आला, चपला दाराबाहेर काढल्या आणि आत गेला. मी वाकून बघितलं. कोऱ्या चामड्यावर अंगठ्याचा ठसा उमटायला लागलाय. तुझा नाही. पण उमटतोय.